गाडीत स्वतःची गाणी लावायचा सगळ्यात सोयीचा मार्ग कोणता? ब्लूटूथ, ऑक्स केबल की जुना पेनड्राइव्ह?

पुण्याहून कोकणात निघालेली गाडी ताम्हिणी घाटात शिरते. मोबाइलची रेंज जाते आणि ॲपवर सुरू असलेलं गाणं मध्येच थांबतं. मागच्या सीटवरून आवाज येतो, "अरे, दुसरं काहीतरी लाव ना." चालवणाऱ्याचा डावा हात फोनकडे जातो आणि नजरही. पुढे वळण असतं.

जवळपास प्रत्येक लांबच्या प्रवासात हे होतं. गंमत म्हणजे आज गाडीत गाणी लावायचे पर्याय पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आहेत. ब्लूटूथ आहे, यूएसबी आहे, अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले आहे. तरीही आपल्याला हवं ते गाणं, हव्या त्या वेळी, रस्त्यावरची नजर न हटवता ऐकणं अनेकांना जमत नाही.

असं का होतं? आणि तुमच्या गाडीसाठी सोयीचा पर्याय कोणता? सोप्या भाषेत समजून घेऊया.

गाडीत गाणी आली कशी?

अमेरिकेत १९३० साली पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने मोटारीत बसवता येईल असा रेडिओ बाजारात आणला. 'मोटर'वरून त्याचं नाव ठेवलं 'मोटोरोला'. पुढे कंपनीही त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. पण रेडिओवर तो लावेल तेच ऐकायचं. स्वतःच्या आवडीचं गाणं गाडीत कसं लावायचं, हा प्रश्न तसाच राहिला.

१९५६ च्या मॉडेल्समध्ये क्रायस्लर कंपनीने एक अजब उत्तर दिलं. डॅशबोर्डखाली चक्क रेकॉर्ड प्लेयर बसवला! नाव होतं 'हायवे हाय-फाय'. पण त्यावर घरातल्या नेहमीच्या रेकॉर्ड्स चालत नव्हत्या. त्यासाठी मुद्दाम काढलेल्या, मिनिटाला १६⅔ फेरे घेणाऱ्या खास रेकॉर्ड्स लागायच्या. म्हणजे गाडी तुमची, पण गाणी कंपनी देईल तीच. काही वर्षांत हा प्रकार गुंडाळला गेला.

खरा बदल झाला तो कॅसेटमुळे. फिलिप्सने १९६३ मध्ये छोटी कॅसेट आणली. ती स्वस्त होती, खिशात मावत होती आणि मुख्य म्हणजे तिच्यावर स्वतः रेकॉर्ड करता येत होतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी गाण्यांची यादी दुकानदाराला देऊन कॅसेट 'भरून' घेतल्या आहेत. भजनं, नाट्यगीतं, लावण्या, लता-आशा, जे हवं ते एकाच कॅसेटमध्ये. तीच कॅसेट घरातही वाजायची आणि गाडीतही.

पुढे सीडी आली, मग एमपीथ्री, मग पेनड्राइव्ह, ब्लूटूथ आणि शेवटी स्ट्रीमिंग. प्रत्येक टप्प्यावर गाडीतली जुनी खाच गेली आणि नवी आली. गाडी मात्र लोक दहा-पंधरा वर्षं वापरतात. त्यामुळे आज रस्त्यावर सगळ्या काळातल्या गाड्या एकत्र धावत आहेत आणि एकाच्या गाडीत चालणारा उपाय दुसऱ्याच्या गाडीत चालत नाही.

ॲपमध्ये डाउनलोड केलेलं गाणं तुमचं असतं का?

इथे बहुतेकांची गल्लत होते. स्पॉटिफायसारख्या ॲपमध्ये 'डाउनलोड' दाबलं की गाणं फोनमध्ये येतं हे खरं. पण ते कुलूपबंद असतं. फक्त त्याच ॲपमध्ये वाजतं. ते पेनड्राइव्हवर कॉपी करून गाडीत लावता येत नाही. सबस्क्रिप्शन संपलं की डाउनलोडही जातं. स्पॉटिफायवर तर डाउनलोड टिकवायचं असेल, तर ३० दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं.

आणि ॲपच बंद झालं तर? हे आपल्याकडे झालेलं आहे. गुगल प्ले म्युझिक २०२० च्या अखेरीस बंद झालं. लोकांनी तिथे स्वतःची गाणी चढवून ठेवली होती. यूट्यूब म्युझिकवर संग्रह हलवायला मुदत मिळाली, पण ज्यांनी तो हलवला नाही त्यांचा संग्रह २०२१ मध्ये पुसला गेला. रेसो हे ॲप जानेवारी २०२४ मध्ये भारतात बंद झालं. त्याच वर्षी एअरटेलने विंक म्युझिकही बंद करत असल्याचं जाहीर केलं. वर्षानुवर्षं बनवलेल्या प्लेलिस्टचं काय करायचं, हा प्रश्न तेव्हा अनेकांपुढे उभा राहिला.

याच्या उलट उदाहरणही आहे. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं ऑनलाइन दुकान काढलं आणि २०१३ मध्ये ते बंदही केलं. पण ज्यांनी तिथून एमपीथ्री विकत घेऊन कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्या होत्या, त्यांची गाणी दुकानाबरोबर गेली नाहीत. कारण त्या साध्या, बिनकुलपाच्या फाइल्स होत्या.

म्हणजे 'स्वतःची गाणी' याचा सरळ अर्थ असा, की फाइल तुमच्याकडे आहे आणि ती कुठल्याही यंत्रावर वाजते. ॲप वाईट असं नाही. नवीन गाणी शोधायला त्यासारखी सोय नाही. पण ज्या गाण्यांशिवाय प्रवास होतच नाही, ती फक्त ॲपच्या भरवशावर ठेवणं धोक्याचं आहे.

आधी गाडी तपासा

काहीही विकत घेण्याआधी पाच मिनिटं गाडीत बसून या गोष्टी बघा:

– डॅशबोर्डवर किंवा गिअरजवळ यूएसबी खाच आहे का? तिच्याजवळ त्रिशूळासारखं चिन्ह किंवा संगीताची खूण असेल तर ती बहुतेक वेळा गाणी वाचते. नुसती वीज किंवा बॅटरीची खूण असेल तर ती फक्त चार्जिंगसाठी असू शकते.
– इअरफोनची पिन बसेल असं ३.५ मिलीमीटरचं गोल भोक आहे का? तेच ऑक्स.
– म्युझिक सिस्टीमच्या मेन्यूत ब्लूटूथ आहे का? असल्यास फक्त कॉलसाठी आहे की गाण्यांसाठीही? काही जुन्या गाड्यांत ब्लूटूथवर फक्त फोन घेता येतो.
– अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले आहे का?
– यातलं काहीच नसेल तर सीडी, कॅसेट किंवा निदान एफएम रेडिओ आहे का?

गाडीसोबत आलेलं मॅन्युअल कुणी उघडत नाही. पण कोणत्या प्रकारच्या फाइल्स चालतात आणि किती गाणी वाचली जातात, हे त्यातच लिहिलेलं असतं.

पर्याय पहिला : ब्लूटूथ

सगळ्यात लोकप्रिय आणि रोजच्या ऑफिसच्या प्रवासाला पुरेसा. एकदा जोडला की फोन पुढच्या वेळी आपोआप जोडला जातो. वायर नाही, काही नाही.

एक गैरसमज दूर करायला हवा. ब्लूटूथला इंटरनेट लागत नाही. रेंज गेल्यावर जे थांबतं ते ॲपवरचं स्ट्रीमिंग. गाणं फोनमध्येच असेल, तर ताम्हिणीत काय आणि वरंधा घाटात काय, ते सुरूच राहतं.

तोटे? घरातले दोन फोन जोडलेले असतील तर कधी भलताच फोन पकडला जातो. व्हॉट्सॲपची टिंग गाण्याच्या मध्ये येते. खासगी कॉल आला तर तो सगळ्या गाडीला ऐकू जातो. आणि गाणं शोधण्यासाठी शेवटी हात फोनकडेच जातो.

आवाजाच्या दर्जाची काळजी फार करू नका. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा दाबला जातो हे खरं, पण टायर, इंजिन आणि वाऱ्याच्या आवाजात तो फरक बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

जोडला गेला पण गाणं वाजत नाही, असं होत असेल तर फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावासमोर जा. तिथे 'मीडिया ऑडिओ' बंद असेल तर सुरू करा. कित्येकदा दुखणं एवढंच असतं.

पर्याय दुसरा : ऑक्स केबल

थोड्या जुन्या गाड्यांसाठी बिनडोकेदुखीचा उपाय. एक टोक फोनला, दुसरं गाडीला. पण आता बऱ्याच फोनना इअरफोनचं भोकच नसतं. मग टाइप-सीला लावायचा छोटा ॲडाप्टर घ्यावा लागतो. सगळ्यात स्वस्त ॲडाप्टर सगळ्या फोनवर चालत नाहीत. म्हणून घेताना आपल्या फोनवर लावून बघा.

फोन गाडीतच चार्जिंगला लावला आणि ऑक्सही जोडली, की कधी कधी स्पीकरमधून 'घुंऽऽ' असा आवाज येतो. गाडीचा वेग वाढवला की तोही वाढतो. स्पीकर बिघडलेले नसतात. चार्जर आणि ऑक्स या दोन्ही वाटांनी फोन गाडीच्या विजेशी जोडला गेल्यामुळे हे होतं. चार्जर काढून बघा. आवाज गेला तर कारण तेच. कायमचा उपाय म्हणून 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची छोटी डबी मिळते. ती ऑक्सच्या वायरमध्ये जोडायची.

गाडीत ऑक्स आहे पण ब्लूटूथ नाही? मग ऑक्सच्या भोकात बसणारा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या. जुन्या गाडीला ब्लूटूथ देण्याचा हा बराच कमी खर्चाचा मार्ग आहे.

पर्याय तिसरा : अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले

ॲपलने कारप्ले २०१४ मध्ये जाहीर केलं आणि त्याच वर्षी गुगलने अँड्रॉइड ऑटो. फोनमधली ॲप्स गाडीच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसतात आणि बोलून गाणं लावता येतं. चालवणाऱ्यासाठी ही खरी सोय आहे.

वायरने जोडत असाल तर केबल चांगली हवी. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात. त्यात डेटाच्या तारा नसतातच. 'अँड्रॉइड ऑटो सारखं तुटतं' या तक्रारीमागे बऱ्याचदा केबल असते, गाडी नाही.

फोनमधल्या स्वतःच्या फाइल्स या पडद्यावर आणायच्या असतील तर तसा प्लेयर लागतो. व्हीएलसी हे मोफत ॲप अँड्रॉइड ऑटोवर चालतं. ज्यांना गाण्यांचा साठा ऑनलाइन ठेवायचा आहे, त्यांना यूट्यूब म्युझिकवर स्वतःची एक लाखापर्यंत गाणी चढवता येतात. मात्र आधी ॲपमध्ये डाउनलोड करून ठेवली नसतील तर ती ऐकायला रेंज लागते आणि प्ले म्युझिकचं काय झालं ते आपण वर पाहिलंच. म्हणून मूळ फाइल्स आपल्याकडे हव्यातच.

पर्याय चौथा : एफएम ट्रान्समीटर

ज्या गाडीत फक्त रेडिओ आहे तिच्यासाठी. हे छोटं यंत्र लायटरच्या सॉकेटमध्ये बसतं, फोनवरचं किंवा पेनड्राइव्हमधलं गाणं घेतं आणि एफएमच्या एखाद्या रिकाम्या जागी सोडतं. गाडीचा रेडिओ ते पकडतो.

अडचण आहे ती 'रिकाम्या जागे'ची. मुंबईत ९१.१, ९२.७, ९३.५, ९८.३ अशी एकामागे एक स्टेशनं आहेत. तिथे जागा शोधली आणि खोपोली ओलांडली की पुन्हा खरखर सुरू होऊ शकते. लांबच्या प्रवासात जागा बदलत राहावी लागते. म्हणून हा उपाय नाइलाज म्हणूनच ठेवा.

गाडीत कॅसेटचा टेप अजून चालू असेल तर त्यापेक्षा कॅसेट ॲडाप्टर बरा. कॅसेटच्या आकाराचं हे यंत्र टेपमध्ये घालायचं आणि त्याची वायर फोनला लावायची. रेडिओची खरखर नाही.

पर्याय पाचवा : पेनड्राइव्ह

ऐकायला जुनाट वाटेल, पण स्वतःच्या गाण्यांसाठी अजूनही सगळ्यात भरवशाचा मार्ग हाच आहे. रेंज नको, फोन नको, सबस्क्रिप्शन नको. गाडी सुरू केली की काल जिथे थांबलं तिथूनच गाणं सुरू, असं बऱ्याच सिस्टीममध्ये होतं. कॉल आला तरी फोन खिशातच राहतो. गाणं बदलायला स्टिअरिंगवरचं बटण पुरतं.

जागेचा हिशेब बघा. चांगल्या दर्जाची म्हणजे ३२० केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला साधारण २.४ एमबी जागा घेते. पाच मिनिटांचं गाणं १२ एमबीचं. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर अशी अडीच हजारांच्या आसपास गाणी मावतात, म्हणजे दोनशे तासांहून जास्त. समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरना आठ तास धरले, तर पंचवीस फेऱ्यांमध्येही गाणं परत लागणार नाही.

मग पेनड्राइव्ह 'चालत नाही' असं लोक का म्हणतात? कारणं ठरलेली आहेत.

१. फॉरमॅट : पेनड्राइव्हवर फाइल्स मांडून ठेवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. बऱ्याच गाड्यांना फॅट३२ हीच पद्धत कळते. मोठे पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये असतात आणि गाडी त्यांना ओळखत नाही. म्हणून ३२ जीबीचाच घ्या आणि कॉम्प्युटरवर फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.

२. फाइलचा प्रकार : एमपीथ्री जवळपास प्रत्येक यूएसबी सिस्टीमवर वाजते. बाकीच्या प्रकारांची खात्री नाही. शंका असेल तर एमपीथ्रीच करा.

३. गाण्यांचा क्रम : नाटकाचे अंक किंवा कीर्तनाचे भाग उलटसुलट लागतात? काही सिस्टीम नावाप्रमाणे नाही, तर ज्या क्रमाने फाइल्स कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात. नावांच्या सुरुवातीला ०१, ०२ असे आकडे इंग्रजीत टाका आणि त्याच क्रमाने कॉपी करा.

४. मराठी नावं : पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात, कारण सिस्टीममध्ये देवनागरी अक्षरंच नसतात. गाण्याला काही झालेलं नसतं. फाइलचं नाव आणि तिच्यातली माहिती रोमन लिपीत लिहिली की प्रश्न मिटतो.

५. मॅकवरून कॉपी केलेली गाणी : मॅक कॉम्प्युटर पेनड्राइव्हवर लपलेल्या छोट्या फाइल्स तयार करतो. गाडी त्यांनाही गाणी समजते आणि 'वाचता येत नाही' म्हणते. शक्य असेल तर विंडोजवरून कॉपी करा.

फोल्डर मात्र नीट करा. 'पहाट', 'घाट', 'मुलांची', 'आजीची' असे चार-पाच फोल्डर पुरतात. हजार गाण्यांच्या ढिगात शोधाशोध करण्यापेक्षा फोल्डर बदलणं सोपं असतं. पेनड्राइव्हही ठेंगणा घ्या. लांब असला की गुडघा किंवा हात लागून तो तुटू शकतो. आणि सगळ्या गाण्यांची दुसरी प्रत घरी ठेवा. उन्हात उभ्या गाडीची आतली उष्णता पेनड्राइव्हला मानवत नाही.

जी गाणी कुठल्याच ॲपवर नाहीत, त्यांचं काय?

आजोबांनी म्हटलेली भूपाळी, आईची अंगाई, गावच्या दिंडीतलं भजन, लेकीचं शाळेतलं गाणं. हे कुठल्याही ॲपवर शोधून मिळणार नाही. पण बहुतेक घरांत ते कुठे ना कुठे असतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये किंवा कपाटातल्या कॅसेटमध्ये.

व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट ओपस नावाच्या प्रकारात असते. बऱ्याच गाड्यांना तो कळत नाही. म्हणून ती एमपीथ्रीमध्ये बदलून घ्या. कॉम्प्युटरवर व्हीएलसी किंवा ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरने हे होतं. नुसत्या चॅटमध्ये ठेवलेला आवाज फोन हरवला किंवा चॅट पुसलं की जातो, हेही कारण आहेच.

कॅसेटसाठी चालू टेप रेकॉर्डर लागेल. त्याच्या इअरफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरच्या ऑडिओ इनपुटला जोडा आणि ऑडॅसिटीत रेकॉर्ड करा. लॅपटॉपला तसं इनपुट नसेल तर छोटं यूएसबी साउंड कार्ड मिळतं. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. पण कॅसेटची फीत दरवर्षी थोडी थोडी खराब होत असते. त्यामुळे हे काम जितकं लवकर तितकं चांगलं.

कायदा काय सांगतो?

दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली गाण्यांबद्दल. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी वापरासाठी रास्त मर्यादेत मुभा देतं. पण रस्त्याकडेला विकायला ठेवलेला 'पाचशे गाणी' भरलेला पेनड्राइव्ह हा खासगी वापर नाही. हक्कदाराची परवानगी न घेता केलेल्या प्रती विकणं बेकायदा आहे.

दुसरी गोष्ट फोनबद्दल. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार गाडी चालवताना फोन हातात घेऊन वापरणं हे कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. कायद्यात पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ऑक्टोबर २०२० पासून नियमांत रस्ता बघण्यापुरती फोनची मुभा आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. गाणं शोधणं त्यात बसत नाही.

दंड बाजूला ठेवा, साधा गुणाकार करा. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. गाणं शोधायला पाच सेकंद नजर खाली गेली, तर गाडी जवळपास ११० मीटर पुढे गेलेली असते. फुटबॉलच्या मैदानाएवढं अंतर, न बघता.

मग नेमकं काय करायचं?

नवी गाडी असेल तर अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले रोजच्यासाठी आणि पेनड्राइव्ह लांबच्या प्रवासासाठी. आठ-दहा वर्षं जुनी, यूएसबी असलेली गाडी असेल तर पेनड्राइव्ह मुख्य आणि ब्लूटूथ जोडीला. फक्त ऑक्स असेल तर ब्लूटूथ रिसीव्हर. फक्त रेडिओ असेल आणि गाडी अजून काही वर्षं वापरायची असेल, तर ट्रान्समीटरवर वैतागण्यापेक्षा म्युझिक सिस्टीम बदलणं परवडतं. बदलताना वायर कापू देऊ नका. गाडीच्या मूळ जोडणीत बसणारे कपलर मिळतात, तेच वापरायला सांगा. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

आणि पर्याय कोणताही असो, प्लेलिस्ट निघण्याआधी लावा. वाटेत बदलायची असेल तर ते काम शेजारी बसलेल्याकडे द्या. गाडीत एकटेच असाल तर चहाच्या टपरीवर थांबा, चहाही होईल आणि गाणंही बदलेल.